ब्रेकचे तेल आणि घाटाचा उतार

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. मोटारीच्या ब्रेकविषयी बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कुणी विचारले तर माझ्याजवळ एकच उत्तर आहे. एकदा भर घाटात माझ्या पायाखालचा ब्रेक नाहीसा झाला. ज्याचा ब्रेक गेला त्याला चार शब्द बोलण्याचा हक्क पोचतो, असे मी धरून चालतो.

गोष्ट २०१९ च्या मे महिन्यातली. सासुरवाडीच्या बाजूचे लग्न सावंतवाडीला होते. आम्ही कोल्हापुराहून गडहिंग्लज, आजरा करीत आंबोलीला आलो. गाडी माझी जुनीच, दुसऱ्याकडून घेतलेली. आत मी, आमची सौभाग्यवती, आई, अकरावीतला पुतण्या आणि लग्नघरचे सामान. आंबोली सोडल्यावर उतार लागला. पुढे एक लादलेला ट्रक मुंगीच्या पावलाने चालला होता. त्याच्यामागे मी ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलो. चारपाच वळणे गेली असतील नसतील, तोच पाय जरा जास्त खाली गेला. पुढच्या वळणाला आणखी खाली गेला. आणि मग, ओल्या चिखलात पाय रुतावा तसे ते पेडल थेट तळाला जाऊन टेकले, आणि गाडी थांबेना.

त्या क्षणी मी जे केले ते अक्कलहुशारीने केले असे सांगण्यात अर्थ नाही. पेडल भराभरा चारसहा वेळा मारले, गिअर दुसऱ्यावर आणि मग पहिल्यावर ओढला, हँडब्रेक हळूहळू वर घेतला आणि गाडी डोंगराच्या अंगाला नेऊन उभी केली. पुढचा ट्रकवालाही थांबला. त्याने चाकाजवळ नाक नेले आणि म्हणाला, "सर, अर्धा तास हलू नका. आणि चाकावर पाणी ओतू नका, डिस्क तडकंल." आई मागून म्हणाली, "निघताना नारळ वाढवला नाहीस ना?" अर्ध्या तासाने पेडल दाबून पाहिले तर काय! ब्रेक पूर्ववत. जणू काही झालेच नाही. पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत आम्ही खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या मिस्त्रींनी फेरी मारून आणली आणि सांगितले, "ब्रेक ठणठणीत आहेत, साहेब. तुमचा पाय घसरला असंल." श्रोते हो, माझा पाय घसरला नव्हता. पण मिस्त्रीही खोटे बोलत नव्हते. थंड गाडीत तो दोष दिसतच नाही. तो फक्त घाटात, गाडी तापल्यावर प्रकट होतो, आणि गाडी निवली की पसार होतो. म्हणूनच त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

आता हा दोष म्हणजे काय ते पाहू. आपण ज्याला 'ब्रेक ऑइल' किंवा ब्रेकचे तेल म्हणतो ते मुळी तेलच नव्हे. तेल हा शब्द तिळावरून आला. तिळाचे ते तैल, आणि तैलाचे तेल. आपल्या ब्रेकमधल्या द्रवाचा तिळाशी संबंध नाही, आणि डिझेल किंवा इंजिन ऑइलच्या कुळाशीही नाही. तो ग्लायकॉल ईथर नावाच्या रसायनांचा बनलेला असतो. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत हे आपण स्वयंपाकघरात रोज पाहतो. हा द्रव मात्र पाण्याला घरात घेतो, एवढेच नव्हे, तर हवेतली वाफ ओढून घेतो. आषाढात गुळाची ढेप कशी पाझरते, मिठाची बरणी कशी ओली होते, तशातलाच हा प्रकार. टाकीच्या टोपणातून आणि रबरी नळ्यांच्या अंगातून दमटपणा आत शिरतो, आणि वर्षा-दोन वर्षांत द्रवात दोनतीन टक्के पाणी मुरते. वरून पाहिले तर टाकी भरलेली. टाकी भरलेली आहे म्हणून आपण निश्चिंत.

पाणी मुरल्याने बिघडते काय? उकळण्याचा बिंदू खाली येतो. बाटलीवर 'डॉट ३', 'डॉट ४' असे आकडे असतात. ही अमेरिकेच्या वाहतूक खात्याने घालून दिलेल्या मानकांची नावे आहेत. डॉट ३ चा नवा, कोरडा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शिरले की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणजे शेकड्यात चार भागही पाणी नाही, आणि पंचाहत्तर अंशांची घट!

घाटात १४० अंश होतात का, हे आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी मला कागदावर मांडून दाखवले. माणसे आणि सामान धरून गाडी दीड हजार किलोची, आणि उतार सरळ उंचीत पाचशे मीटरचा समजा. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती तेवीसएक लिटर पाणी साध्या गारव्यापासून उकळीला आणील. म्हणजे दोन घागरी! तुम्ही गाडी फक्त ब्रेकवर उतरवलीत तर या दोन घागरींचे आधण चार चाकांपाशी, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन चाकांपाशी ठेवल्यासारखे आहे. बरीचशी उष्णता वाऱ्यावर जाते हे खरे, पण ट्रकच्या मागे दहा किलोमीटरच्या वेगाने रांगताना वारा तरी कुठून लागणार?

तर द्रव उकळतो आणि त्यात वाफेचा बुडबुडा होतो. इथे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालची आठवण काढली पाहिजे. बंद भांड्यातल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे त्याने मांडले. त्याचा तो ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. आपला ब्रेक म्हणजे हाच नियम. पायाने दट्ट्या दाबला की दाब नळ्यांतून चाकापर्यंत जातो, कारण द्रव दाबून लहान होत नाही. वाफ मात्र दाबली की आक्रसते. पायाचे सगळे बळ त्या बुडबुड्याला चेपण्यात खर्च होते, चाकापर्यंत काही पोचत नाही. गाडी निवली की वाफेचे पुन्हा पाणी, आणि ब्रेक परत जागेवर. मिस्त्रींना सापडला नाही तो चोर हा.

शाळेतील गुरुजींना आणि बाईंना इथे एक सुचवतो. दुकानातून नव्या पिचकाऱ्या आणा, इंजेक्शनच्या, पण सुईविना. एक ५ मिलिलिटरची, दुसरी २० ची. सलाइनच्या नळीच्या तुकड्याने त्या जोडा आणि सगळे पाण्याने भरा, हवा अजिबात नको. एका मुलाला लहान दट्ट्या दाबायला सांगा, दुसऱ्याला मोठ्यावर अंगठा रोवून तो अडवायला सांगा. लहान पिचकारीवाला बारीकसा मुलगाही जिंकतो. मग नळीत मुद्दाम दोन बोटे हवा घ्या आणि पुन्हा दाबायला सांगा. दट्ट्या मऊमऊ आत जाईल आणि पलीकडे जोर पोचणार नाही. आंबोलीत माझ्या पायाला जे कळले ते वर्गातल्या चाळीस मुलांना पाच मिनिटांत, आणि बिनधोक कळेल.

आता उपाय. तो सोपा आहे: जुना द्रव काढून नवा भरणे. बहुतेक कारखानदार दर दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला हे करायला सांगतात. माझी गाडी २०११ सालची. आधीच्या मालकाने आणि मी मिळून आठ वर्षांत ते एकदाही केले नव्हते. टाकीचे टोपण उघडले तेव्हा आत मधाच्या रंगाऐवजी करपलेल्या चहाचा रंग दिसला. पण रंगावर विसंबू नका. रंग स्वच्छ असूनही पाणी मुरलेले असू शकते. खरा हिशेब वर्षांचा.

हे काम घरी होते. पण आधी एक अट सांगतो, आणि ती गंभीरपणे ऐका. ज्याला आपल्या हाताचा भरवसा नाही, त्याने ओळखीच्या मिस्त्रीकडून, समोर उभे राहून, हे करून घ्यावे. यात कमीपणा नाही. ब्रेक ही शिकाऊपणाची जागा नव्हे. मी स्वतः पहिल्या खेपेला एका जाणत्या मिस्त्रींना घरी बोलावले, ते करीत असता पाहिले, आणि दुसऱ्या खेपेला त्यांच्या देखत केले. तिसऱ्यापासून एकट्याने. एकट्याने म्हणजे पुतण्याला घेऊन, कारण या कामाला दोन माणसे लागतातच.

कोरडा दिवस धरा. दिवाळीनंतरची थंडी उत्तम, पावसाळा नको. गाडीच्या पुस्तकात किंवा टाकीच्या टोपणावर डॉट ३ का ४ ते लिहिलेले असते. तोच द्रव आणा, सीलबंद डब्यात. साधारण एक लिटर पुरतो. गेल्या वर्षी उघडून ठेवलेला अर्धा डबा वापरू नका. त्यानेही वर्षभर पाणी प्यायलेले असते. आणि दुकानात 'डॉट ५' म्हणून काही मिळाले तर दूर राहा. ते सिलिकोनचे असते, आपल्या द्रवात मिसळत नाही. '५.१' मात्र निराळे, ते ग्लायकॉलच्याच कुळातले. नावे इतकी सारखी का ठेवली कोण जाणे.

बाकी सामान थोडे. निपलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, पिचकारी, फडकी आणि पाण्याची बादली. हा द्रव गाडीच्या रंगावर सांडला तर रंग फुगवून सोलून काढतो. सांडला की पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. डोळ्यांत उडाला तरी पाणीच, आणि मग डॉक्टर.

गाडी सपाटीवर, चाकांना पुढून-मागून दगड. काही गाड्यांत चाक न काढता निपलपर्यंत हात पोचतो. पोचत नसेल आणि गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर विसंबून खाली हात घालू नका, भक्कम घोडी लावा. आमच्या गल्लीत एकाने विटांचा चौथरा रचून गाडी त्यावर चढवली होती. वीट दडपणाखाली एकाएकी फुटते. त्याच्या नशिबाने तो तेव्हा पाणी प्यायला घरात गेला होता.

प्रथम टाकीभोवतालची धूळ पुसून टोपण काढा, पिचकारीने आतला जुना द्रव बराचसा ओढून घ्या आणि नवा भरा. मग सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि ब्रेकचा मुख्य सिलिंडरही सहसा त्याच्यापुढेच असतो, म्हणून मागचे डावे चाक सर्वांत लांबचे. मग मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. तिथे गाडीचे पुस्तक सांगेल ते खरे.

निपलवरची रबरी टोपी काढा, आधी रिंग पाना बसवा, मग नळी चढवा. नळीचे दुसरे टोक बाटलीत, तळाशी थोड्या नव्या द्रवात बुडालेले. निपल गंजलेले असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. दांडगाई केलीत तर ते मोडते, आणि मग शंभराच्या कामाचे हजाराचे होते.

आता दुसरा माणूस पेडलवर. आमच्याकडे तीन शब्द ठरलेले आहेत. मी म्हणतो, "दाब." तो तीनचार वेळा सावकाश दाबून शेवटी पाय दाबूनच ठेवतो आणि म्हणतो, "काका, धरलंय." मग मी निपल अर्धा आटा सोडतो. जुना द्रव नळीतून चुळकन बाटलीत येतो आणि त्याचा पाय खाली जातो. पाय तळाशी असतानाच मी निपल आवळतो, आणि मगच म्हणतो, "सोड." सगळे मर्म या क्रमात आहे. निपल उघडे असताना पाय सुटला तर नळीतून हवा आत ओढली जाईल, आणि पाणी काढता काढता आपण हवा भरू. पहिल्या वेळी पुतण्याने मोबाइलकडे पाहता पाहता पाय सोडला. ते चाक पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. तेव्हापासून मोबाइल घरात ठेवून यायचा, असा नियम आहे.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवावा, म्हणजे ते अगदी तळापर्यंत जाणार नाही. सिलिंडरच्या ज्या भागात रबर वर्षानुवर्षे फिरलेले नाही तिथे गंज, मळ असतो. रबर तिथवर रेटले तर फाटते.

असे पाचसहा वेळा झाले की उठून टाकी पाहायची आणि भर घालायची. टाकी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. ही चूक फार जणांकडून होते, कारण लक्ष चाकापाशी असते. नळीत स्वच्छ, नवा रंग दिसू लागला आणि बुडबुडे थांबले की ते चाक झाले. निपल बेताने आवळा, रबरी टोपी परत बसवा आणि निपलचा भाग पाण्याने धुऊन टाका.

ज्या गाड्यांत एबीएस आहे, आणि २०१९ नंतर आपल्याकडे विकल्या गेलेल्या मोटारींत तो सक्तीचाच आहे, तिथेही ही रीत चालते. पण टाकी कोरडी पडून हवा एबीएसच्या ठोकळ्यात शिरली तर ती बाहेर काढायला बहुधा गॅरेजातले यंत्रच लागते. म्हणून तिथे दुप्पट सावध राहा.

चारही झाल्यावर टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा. पेडल दाबा. ते दगडासारखे घट्ट लागले पाहिजे. इंजिन चालू करून जोराने दाबून धरा आणि दुसऱ्याला चारही चाकांपाशी ओल दिसते का पाहू द्या. मग अंगणात, माणसाच्या चालीच्या वेगाने, दहा वेळा थांबून पाहा. पेडल जराही मऊ लागले तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही, मिस्त्रींनाच अंगणात बोलवायचे.

दोन खोट्या समजुती जाता जाता सांगतो. एक, टाकीतली पातळी उतरली की वरून भर घातली म्हणजे झाले. पातळी उतरते ती ब्रेकचे पॅड झिजल्याने किंवा कुठे गळती असल्याने. ते न पाहता भर घालणे म्हणजे ताप पाहायचा सोडून थर्मामीटर झटकणे. दुसरी, अडचणीत कुठलेही तेल चालते. खेड्यात इंजिन ऑइल, प्रसंगी गोडे तेलसुद्धा घातलेले मी ऐकले आहे. खनिज तेलाने आतली रबरे फुगतात आणि सगळी यंत्रणा जाते. त्यापेक्षा गाडी तिथेच सोडून एस.टी.ने घरी यावे.

आणि नव्या द्रवाच्या भरवशावर घाटात ब्रेकवर बसून राहू नये, हेही ओघाने आले. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे आपल्याकडे पुष्कळ. काही तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी त्याची मदतही जाते, आणि दोनतीन दाबांनंतर पेडल लोखंडासारखे होते.

उरलेल्या जुन्या द्रवाचे एक राहिले. तो पोटात गेला तर विष आहे, आणि तो पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून पडवीत ठेवण्याची आपली सवय जीवघेणी आहे. दिसायला तो थेट चहाच्या पाण्यासारखा. विहिरीजवळ, गटारात, बांधावर कुठेही ओतू नका. मूळ डब्यातच परत भरा, वर ठळक अक्षरात 'विष' लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि पुढच्या खेपेला वापरलेला द्रव जमा करणाऱ्या गॅरेजात द्या.

आमच्या टाकीच्या टोपणाशेजारी आता पुतण्याने चिकटपट्टी लावून तारीख लिहिली आहे. तो हल्ली पुण्याला शिकायला असतो. दोन वर्षे भरत आली की त्याचा फोन येतो, "काका, दिवाळीला येतोय, डबा आणून ठेवा. पाना माझ्याकडे, पेडलवर तुम्ही."